घुमटातला देव आणि आमचे जावई

प्रिय मेहुणे ओफेलियस यांस कपुआहून स्टेनियसचा नमस्कार.

तुम्ही सुखरूप असाल तर आम्हीही सुखी. आईंचे गुडघे काय म्हणतात? वहिनींचा दमा? मधमाश्या थंडीत तगल्या ना? आणि ते लाथाळ खेचर? (त्याची तब्येत उत्तमच असणार, माझी मांडी अजून साक्ष देते.) तुमची बहीण ठणठणीत आहे. माझा घसा तेवढा बसला आहे.

आमच्या जावयाने, लार्सियसने, घुमटाची जेवणखोली बांधली. जेवढी रुंदी तेवढीच उंची, म्हणे आत अख्खा गोळा चपखल बसतो. गोळा बसेल हो, माणसांनी कुठे बसायचे? भिंत गोल, बाके सरळ. प्रत्येक बाकामागे मांजर बाळंत व्हावी एवढी फट. वर मधोमध भोक, ते सूर्यासाठी. हे पावसाला कोणी कळवले नव्हते, त्यामुळे मेजवानीत डुकराचा रस्सा वाढणाऱ्याशिवायच वाढत गेला.

हा थाट नगरप्रमुखाच्या निवडणुकीसाठी. खर्चाला आमच्या लेकीच्या हुंड्यातली जैतुनाची बाग विकायची! ती बिचारी रडून रडून अर्धी झाली. मी बोललो, तर म्हणतो, “सासरेबुवा, तुम्ही कोंबड्यांची खुराडी बांधा. वर्तुळातलं तुम्हाला काय कळतं?”

तर मेजवानीत स्वारी खडू फासलेला उमेदवारीचा पांढरा झगा घालून भिंतीशी रेलली होती. एकाएकी त्याच्या कानात आवाज आला, “लार्सियस, निवडणूक सोड. बाग विकलीस तर हा घुमट तुझ्या टाळक्यात घालीन.” शेजारी कुत्र्याशिवाय कोणी नाही. त्याने वर भोकाकडे पाहिले, देवापुढे घेतात तसा झगा डोक्यावरून घेतला आणि पाहुण्यांदेखत रडत माघार जाहीर केली. बायको दोन महिने बोलत होती ते ऐकू आले नाही. भोक एकदा बोलले, लगेच ऐकू आले!

तुमचा,
स्टेनियस

ता. क. गोल भिंतीला तोंड लावून पुटपुटले, की शब्द भिंतीला धरून घसरत थेट समोरच्या टोकाला पोचतो. मधल्यांना पत्ता नसतो. मी त्या दिवशी जावयाच्या बरोबर समोर होतो. बाकामागच्या फटीत. ओल फार होती.

आणखी एक. जावई आता रोज सकाळी देवाचा कौल मागतो. घसा बसल्यापासून देव गप्प आहे, आणि स्वारी पुन्हा झग्याला खडू फासू लागली आहे. तुमच्या डोंगरावरचा मध मडकंभर ताबडतोब धाडा. सोबत उत्तरही लिहा. पण हे पत्र न्हाणीघरात मोठ्याने वाचू नका. तुमचेही गोलच आहे.