साक्षीदाराची पूर्वतयारी

३ मार्च, सोमवार. सकाळी ७
संकल्प: गुरुवारच्या कविसंमेलनात युद्धावर कविता वाचायची. विषय, लोकांची बेफिकिरी. जग जळतंय आणि कुणाला सोयरसुतक नाही. कुणीतरी साक्षीदार व्हायला हवं. मी होणार.

सायं. ७
वरच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या ताई आल्या होत्या. युद्धातून सुटून इथे आलेल्या. भाऊ आणि त्याची मुलगी तिकडेच वेढ्यात अडकलेत. त्यांना काढायला बस जाणार आहे. यादी आमच्याच ऑफिसातून निघते. मुदत गुरुवार, दुपारी चार. ताई आपली भाषा बोलतात छान, पण लिपी येत नाही, म्हणून अर्ज बायकोने लिहून दिला. मी फक्त आवकचा शिक्का मारून ट्रेमध्ये ठेवायचा. हातचा मळ.

४ मार्च, मंगळवार
अर्ज वाचला. 'भाऊ तळघरात आहे. मुलगी आता रडत नाही.' अंगावर काटा आला. शिवाय थोडा रागही. अशी ओळ मला का सुचू नये? अर्ज दिला नाही. कवीला दुःखाच्या सहवासात राहावं लागतं. दोन दिवस आहेत.

५ मार्च, बुधवार
ती ओळ कवितेत घेतली. तळघराचं भुयार केलं, जास्त गूढ वाटतं. काउंटरवर एक आजोबा शिक्क्यासाठी तासभर उभे. उद्या या म्हटलं. यमक निसटलं असतं.
बायकोने विचारलं, अर्ज दिलात का? म्हटलं, दिल्यातच जमा आहे. ती माझ्याकडे बघत राहिली. कलावंताच्या घरच्यांना त्रास होतोच.

६ मार्च, गुरुवार. दुपारी १
हाफ डे टाकला. निघताना अर्ज देणार होतो, पण साहेबांना दोन कडवी ऐकवली आणि राहूनच गेलं. हरकत नाही. ऑफिस वाटेवरच आहे. साडेतीनला देतो.

४.२०
आरशासमोर पाच वेळा तालीम झाली. घड्याळ पुढे असावं. नाही, मोबाइलही तेच म्हणतोय. ऑफिसला फोन केला. कुणी उचलत नाही. काय बेफिकीर लोक!

सायं. ८
टाळ्याच टाळ्या. 'तुम्ही बघता आणि चहा पिता' या ओळीला लोक उभे राहिले. ताई पहिल्या रांगेत होत्या. मीच बोलावलं होतं. नंतर माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, तुमच्या हातात कागद आहे म्हणून मला धीर आहे. सांगणार होतो. गर्दी फार होती. उद्या साहेबांना सांगून नाव घुसवतो. साहेब आपलेच.

७ मार्च, शुक्रवार. सकाळी १०.३०
साहेब म्हणाले, यादी काल चारच्या ठोक्याला गेली. बस निघाली. तिच्यामागे रस्ता बंद झाला. पुढची बस नाही. तरी मी अर्जावर शिक्का मारला. जरा वाकडा बसला.

दुपारी १
ताई ऑफिसखाली यादीच्या फळ्यापाशी उभ्या होत्या. वाचून दाखवता का, म्हणाल्या. नाही कसं म्हणणार? एकशे बारा नावं. मी मोठ्याने, सावकाश, एकही न गाळता वाचली. काल कविता वाचताना आवाज कापला नव्हता.
शेवटचं नाव झाल्यावर ताई फळ्याच्या आणखी जवळ सरकल्या. मग म्हणाल्या, वरून पुन्हा वाचा ना भाऊ, तुमच्याकडून एखादं नाव सुटलं असेल.
मी पुन्हा वरून वाचायला लागलो.