खांब क्र. ४१८ चा दिवा बंदच होता, असे लेखी मिळणेबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
पथदिवे विभाग, महानगरपालिका.

अर्जदार : तारतंत्री (वायरमन), पूर्व उपविभाग, सेवा २६ वर्षे.

विषय : आपल्या निवासस्थानासमोरील दिवा अकरा मिनिटे बंद राहिल्याचा खुलासा, आणि खांब क्र. ४१८ च्या ३ फेब्रुवारीच्या नोंदीत दुरुस्ती होणेबाबत.

संदर्भ : आपले कारणे दाखवा सूचनापत्र, दि. १२ मार्च.

महोदय,

१. प्रथम कबुली. ११ मार्च रोजी सायंकाळी सात वाजून वीस मिनिटांनी आपल्या फाटकासमोरचा दिवा विझला, तो अर्जदारामुळेच. त्या वेळी आपल्याकडे पाहुणे उतरत होते आणि एका वृद्ध गृहस्थांना मोबाइलच्या उजेडात पायऱ्या चढाव्या लागल्या, याचे अर्जदारास मनापासून वाईट वाटते. मात्र हे "खोडसाळपणे व सूडबुद्धीने" केल्याचे सूचनापत्रात म्हटले आहे, ते खरे नाही. खरे काय ते सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

२. अर्जदाराची थोरली बहीण इस्पितळात प्रसूतिकक्षाची परिचारिका आहे. घरी तिला ताई म्हणतात आणि एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर वॉर्डातही ताईच म्हणतात. ३ फेब्रुवारीच्या संध्याकाळी पाळी संपवून घरी येताना, इस्पितळामागच्या गल्लीत, खांब क्र. ४१८ च्या बुंध्याशी केबलसाठी खणलेल्या चरात ती पडली. डावे मनगट मोडले. गल्लीतला दिवा बंद होता, असे तिने तक्रारीत लिहिले. आपल्या कार्यालयाचे उत्तर आले आणि त्यासोबत दिवे-नियंत्रण प्रणालीचा छापील कागद : खांब ४१८, सायं. ६.४१ पासून सुरू, प्रकाश शंभर टक्के. सबब अपघात तक्रारदाराच्या दुर्लक्षामुळे घडला आहे.

३. ही प्रणाली आपणास ठाऊकच आहे. पण हा अर्ज इस्पितळाच्या मेट्रनबाईंनीही वाचावा अशी इच्छा असल्याने दोन ओळी लिहितो. प्रत्येक दिव्याच्या डोक्यावर आता डबीएवढे यंत्र बसवलेले असते. दिवा पेटला की नियंत्रण कक्षाच्या पडद्यावर त्या खांबाचा ठिपका हिरवा होतो, विझला की लाल. कक्षात बसूनही दिवा चालू-बंद करता येतो. लाल ठिपक्याशिवाय दुरुस्तीचा आदेश निघत नाही, आणि आदेशाशिवाय भांडारातून नवा दिवा मिळत नाही.

तर आपल्या उत्तराची प्रत इस्पितळात पोहोचली. मेट्रनबाई म्हणाल्या, "लख्ख दिव्याखाली चर दिसला नाही, उद्या नाळ कापताना काय दिसणार?" ताईचे डोळे तपासले गेले. ते चांगले निघाले. मग डोळे नव्हेत, तिचे लक्षच ठिकाणावर नसते, असे ठरले. हात जरा सावरताच ती रुजू झाली ती थेट कपड्यांच्या भांडारात, चादरींच्या घड्या घालायला. अर्जदारानेही घरी तिला तीन वेळा सहज म्हणून विचारले, "ताई, समोरच्या घड्याळात किती वाजले गं?" तिसऱ्यांदा ती म्हणाली, "तूसुद्धा?" त्यानंतर दोन दिवस ती अर्जदाराशी बोलली नाही.

४. त्या दोन दिवसांत अर्जदार संध्याकाळी गल्लीत जाऊन उभा राहिला. ४१८ चा दिवा ठार बंद होता. कक्षात फोन केला. तिथला मुलगा, ज्याला आम्ही सगळे ठिपकेवाला म्हणतो, शांतपणे म्हणाला, "हिरवा आहे, दादा." त्या क्षणापासून अर्जदाराच्या डोक्यात संशयाने घर केले.

पहिला संशय अर्थातच ठिपकेवाल्यावर. हा हातानेच ठिपके हिरवे करत असणार. हजेरीपत्रक भरण्याच्या निमित्ताने अर्जदार दोन संध्याकाळी त्याच्या पाठीमागे बसला. तो शेंगदाणे खात होता आणि पडद्याला हातही लावत नव्हता. दुसरा संशय कंपनीच्या इंजिनिअरवर, कारण अर्जदार जवळ गेला की तो लॅपटॉप मिटायचा. एकदा मागून डोकावून पाहिले, तर तो स्वतःच्या लग्नाची पत्रिका जुळवत होता.

तिसरा संशय लिहिताना हात जड होतो. शिडीगाडीवरचा अर्जदाराचा जोडीदार, ज्याला सगळे अण्णा म्हणतात, वीस वर्षे अर्जदारासोबत एका डब्यात जेवतो. त्याच्या कामाच्या वहीत खांब क्र. ४८१ ची लाल तक्रार नऊ वेळा आली होती आणि नऊही वेळा त्याने "दिवा सुरू आढळला" असे लिहून ती मिटवली होती. चांगल्या पेटत्या दिव्याची नऊ वेळा तक्रार कोण करील? अण्णा काहीतरी झाकतोय, असे वाटले. अर्जदाराने त्याच्यावर पाळत ठेवली. डबा वेगळा खायला लागला. अण्णाने एकदाच विचारले, "माझं काय चुकलं ते तरी सांग." अर्जदाराने सांगितले नाही.

आणि शेवटचा संशय, क्षमा असावी, आपल्यावर. ४८१ हा खांब आपल्या फाटकासमोरचा. गल्लीतला चांगला दिवा काढून साहेबांच्या दारात लावला गेला आणि वरपासून खालपर्यंत सगळे मिळून ते झाकत आहेत, अशी अर्जदाराची जवळजवळ खात्री झाली होती.

५. ११ मार्च रोजी अर्जदार ४१८ च्या बुंध्याशी उभा राहिला आणि ठिपकेवाल्याला फोनवर म्हणाला, "४१८ बंद कर बघू." तो म्हणाला, "केला. ठिपका लाल झाला." अर्जदार अंधारात होता तसाच अंधारात. प्रणालीचा खोटेपणा पकडला, असे वाटून बरे वाटले. तेवढ्यात कक्षातला दुसरा फोन वाजल्याचे ऐकू आले. मग ठिपकेवाला हळू आवाजात म्हणाला, "दादा, साहेबांच्या बंगल्यावरून फोन आहे. त्यांच्या दारातला दिवा गेलाय."

अर्जदार चराच्या काठावर बसला. "चालू कर" हे दोन शब्द तोंडातून निघायला अकरा मिनिटे लागली.

६. उलगडा असा : ४१८ चे यंत्र आपल्या फाटकासमोरच्या ४८१ वर बसवले गेले आहे आणि ४८१ चे गल्लीतल्या ४१८ वर. आपल्या दारातला दिवा पेटला की पडदा गल्लीत उजेड दाखवतो. गल्लीत अंधार असला की अण्णाला आपल्या दारात पाठवतो, आणि तो बिचारा पेटता दिवा पाहून परत येतो. त्याने नऊही वेळा खरेच लिहिले होते.

७. ही अदलाबदल कोणाची, ते शोधायला अर्जदार दुसऱ्या दिवशी सकाळी विभागाच्या भांडारात गेला आणि यंत्रे बसवल्याची नोंदवही काढली. १४ नोव्हेंबर, दुपारची पाळी. दोन्ही यंत्रे एकाच माणसाने, तासाभराच्या अंतराने बसवलेली. सहीपर्यंत नजर जाण्याआधीच अक्षर ओळखू आले. ते अर्जदाराचे होते. त्या दुपारी एकट्याने बावीस खांब उरकले होते आणि लवकर सुटल्याचा आनंद झाला होता, एवढेच आठवते.

त्याच दुपारी अर्जदाराने डबा नेऊन अण्णासमोर ठेवला आणि सगळे सांगितले. अण्णाने डबा उघडला. भाजी वाढून घेतली.

संध्याकाळी ताईला सांगितले. ती कपड्यांना इस्त्री करत होती.
"म्हणजे दिवा नव्हताच ना?"
"नव्हता, ताई."
"मग तेवढं त्यांना लिहून दे," ती म्हणाली आणि बाही उलटी करून पुढची इस्त्री करू लागली.

८. गल्ली अंधारात ठेवणे योग्य न वाटल्याने, १३ मार्च रोजी अर्जदाराने ४८१ च्या उघड्या तक्रारीवर नवा दिवा उचलून तो ४१८ वर बसवला आहे. हेही नियमबाह्यच. त्यामुळे आता दोन्ही ठिपके हिरवे आहेत आणि पडद्यावर चूक दिसतच नाही. म्हणून विनंती की, यंत्रांना कोणी हात लावण्याआधी आपण स्वतः फाटकात उभे राहावे आणि कक्षातून ४१८ बंद करवून पाहावा.

पडताळणी झाल्यावर ३ फेब्रुवारीची नोंद दुरुस्त करून त्याची प्रत मेट्रनबाईंना द्यावी. चादरींच्या कामावर ताईला कायम करण्याचा निर्णय २० मार्चला व्हायचा आहे, त्याआधी द्यावी. अर्जदारावर जी कारवाई होईल ती मान्य आहे. ती लांबली तरी चालेल, ताईचा कागद मात्र लांबू नये.

चुकीचा धनी आणि आपल्या विभागाचा जुना सेवक,
(सही)
तारतंत्री, पूर्व उपविभाग
दि. १४ मार्च

सोबत :
१) अण्णाच्या वहीतील नऊ नोंदींची प्रत, त्याच्या संमतीने.
२) ताईच्या मूळ तक्रारीची प्रत.
३) नोंदवहीतील १४ नोव्हेंबरच्या पानाची प्रत. मूळ पान वहीतच शाबूत आहे. एक सकाळभर वही अर्जदाराच्या एकट्याच्या हातात होती, हे आपल्या माहितीसाठी.