तिसऱ्या गिअरमध्ये खुलताबादचा घाट

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

मी, मधुकर रामराव औताडे, वाणिज्य शाखेचा पदवीधर, वय वर्षे छप्पन्न, वाळूजच्या एका कारखान्यात भांडार विभागाचा अधिकारी. ही वही एकाच प्रयोजनाने उघडली आहे. माझ्या डिझेल मोटारीला वीस वर्षे होत आली, तिची नोंदणी महिनाअखेर संपते. इंजिन आणखी पाच वर्षे रस्त्यावर राहण्यास लायक आहे की नाही, याचा प्रामाणिक निकाल लावावयाचा आहे.

इंजिन जुन्या घडणीचे. टर्बो नाही. हवा स्वतःच्या दमाने ओढते, डिझेल पंप मोजून देतो. बिघडण्यासारखे फारसे काही नाही, हाच तिचा गुण.

आज पंपावर धूर-तपासणी. नापास. अॅक्सिलेटर तीनदा तळाला दाबून धूर मोजतात; तिन्ही वेळा काळा लोट. हे प्रमाणपत्र नसेल तर नोंदणीचे नूतनीकरण नाही.

तपासणीवाला हळूच म्हणाला, "काका, निम्माच अॅक्सिलेटर दाबतो. पास होऊन जाईल. सगळेच करतात."

नकार दिला. खोट्या कागदावर गाडी चालविणार नाही. याच महिन्यात खऱ्या तपासणीत उतरली नाही, तर मोडीत. हे लिहून ठेवतो, म्हणजे नंतर पळवाट राहणार नाही.

सौ. ला सांगितले. ती पोळ्या लाटत होती. "मोडीत?" एवढेच म्हणाली, आणि लाटणे थांबले.

५ नोव्हें.

एअर फिल्टर नवा. डिझेल फिल्टर नवा. ऑइल बदलून जेमतेम दोन महिने झालेत. टॅपेट, म्हणजे झडपांची फट, वेळच्या वेळी लावलेली. वीस वर्षांत एक सर्व्हिसिंग चुकलेले नाही.

धूर तसाच.

मला राग नेमका कशाचा येतो आहे? चूक सापडली असती तर बरे वाटले असते.

९ नोव्हें., रविवार

बजाजनगरला कडूबा मिस्त्रीकडे. घराणे मेंढपाळांचे, मूळचा खुलताबादकडचा. तीस वर्षे डिझेल इंजिने उघडतो आहे. सौ. हट्टाने सोबत.

त्याने डिझेल फवारणारे चारही नोझल काढून तपासले. फवारा ठीक. मग सायलेन्सरच्या नळीत बोट घातले. बाहेर आले ते कोळशात बुडविल्यासारखे. माझी सर्व्हिसिंगची वही चाळली आणि हसू लागला.

"सायेब, ही गाडी शेवटची कधी पळली?"

"रोज चाळीस किलोमीटर होतात."

"चालली नाय म्हणलो मी. पळली म्हणलो."

मी सांगितले की पन्नासच्या वर मी नेत नाही, चौथा गिअर लवकर टाकतो, इंजिनाला ओरडू देत नाही. हे मी काहीशा अभिमानाने सांगितले.

कडूबा सौ. कडे वळला. "वैनी, मेंढरू दावणीला बांधून ठिवलं तर काय व्हतं?"

सौ. गंगापूरकडच्या शेतकऱ्याची मुलगी. तत्काळ उत्तर: "खूर वाढतात. मग लंगडतं."

"व्हय! खूर कापायचं काम नाय, खडकावरून हाकायचं. आपोआप झिजत्यात. सायेब, इंजिन झ्याक हाय. तुम्ही लई लाडानं बांधून ठिवलंय. समदी काजळी आत बसली."

औषध त्याने असे सांगितले: इंजिन नीट तापू द्यायचे, मग खुलताबादचा घाट तिसऱ्या गिअरमध्ये, अॅक्सिलेटर तळाला. तीनदा. त्यासाठी टायमिंग बेल्ट, पाण्याचे पाइप, ऑइल त्यानेच तपासून घेतले. हे धड नसेल तर असा प्रयोग करू नये, हेही बजावले. सारे धड होते. (बेल्ट मी मुदतीच्या आधीच बदलतो.)

निघताना म्हणाला, "पर तुम्हाला जमायचं नाय. तुमचा पाय लाजतो. वैनीला चालवू द्या."

दोघेही हसले. मी हसलो नाही.

१२ नोव्हें.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून एकट्यानेच घाटात. तिसरा गिअर. पाय दाबला. इंजिन ओरडू लागले आणि पाय आपोआप वर आला. पुन्हा दाबला, पुन्हा वर. चार वेळा. मागून आलेली एस.टी. हॉर्न वाजवीत पुढे निघून गेली.

वरून दौलताबादकडे उतरताना जाणवले: पंपावरचा तो माणूस निम्मा अॅक्सिलेटर दाबू पाहत होता, आणि मी वीस वर्षे तेच करीत आलो आहे. त्याने निदान विचारले तरी.

घरी पोहोचलो. सौ. ने तोंड बघून ताडले.

"लाजला ना पाय?"

१४ नोव्हें.

लिहावयास कठीण, तरी नोंद आवश्यक. सौ. सोळा वर्षांची असताना उसाची ट्रॉली जोडून वडिलांचा ट्रॅक्टर चालवीत असे. लग्नानंतर मोटारीचा परवाना काढला, आजवर वेळेवर नूतनीकरण करीत आली. या गाडीचे चाक मी तिला दोनदाच दिले. दोन्ही वेळा "तुझा पाय जड आहे" म्हणून परत घेतले. तिसऱ्यांदा तिने मागितले नाही.

आज मी मागितले. म्हणजे, तिला विनंती केली.

"रविवारी. माझी एक अट. तुम्ही तोंड उघडायचं नाही."

१६ नोव्हें., रविवार

स. ६.४० ला निघालो. इंजिन आतून तापविणाऱ्या हीटरचा दिवा विझेपर्यंत थांब, असे सांगणार होतो. तिने बोट ओठांवर ठेवले. दिवा विझला, तिने किल्ली फिरविली.

दौलताबादच्या दरवाज्याशी सहलीच्या बसगाड्यांची रांग. इंजिन तोवर पुरते तापले. किल्ला मागे पडला, चढ लागला. तिसरा गिअर. आणि तिने पाय खाली नेला तो तिथेच ठेवला.

मागे आरशात काही दिसेना. अक्षरशः काळा पडदा. दुचाकीवरचे दोघे नाक दाबून पुढे आले. "मावशी, गाडी पेटली का काय!"

"पेटली नाही रे, शिंकली! पुढं व्हा!"

माझा डावा हात दाराच्या कडीवर, डोळे तापमानाच्या काट्यावर. काटा जागचा हलला नाही. मी अट पाळली. एकदाच "अगं..." असे निघाले. तिने माझ्याकडे पाहिले. पुढचे गिळले.

खाली उतरून पुन्हा वर. दुसऱ्या चढाला धूर तपकिरी. तिसऱ्या चढाला आरशात रस्ता दिसला, त्याच्या कडेची सीताफळवाली दिसली, तिची टोपली दिसली. आणि इंजिनाचा आवाज! ज्याला मी वीस वर्षे ओरडणे समजत आलो, ते ओरडणे नव्हते. एकसारखा, भरलेला, मोकळा सूर. मी तो कधी पूर्ण होऊच दिला नव्हता.

वर थांबून सीताफळे घेतली. सौ. चे गाल लाल, केस विस्कटलेले. म्हणाली, "आपली गाडी अशी आहे होय!" 'आपली' हा शब्द तिने आज प्रथम वापरला असे वाटते. कदाचित मी प्रथम ऐकला.

बिया थुंकत दोघे बोनेटला टेकून उभे राहिलो. मी मोठ्याने हसलो. कारण नोंदवता येत नाही.

१७ नोव्हें.

सकाळची थंडी असूनही अर्ध्या फेऱ्यात चालू. बंद करतानाचा जुना थरकाप नाही. नळीत रुमाल फिरविला: राखाडी.

कडूबाला फोन केला. "वैनी हाकत व्हती ना? मंग!" एवढ्यात त्याचे निदान आटोपले. आणखी एकदा घाट मारा आणि मगच पंपावर जा, म्हणाला.

१९ नोव्हें.

कारखान्यात जाताना तिसऱ्या गिअरमध्ये थोडा जास्त वेळ राहिलो. पाय अजून पुरता धीट नाही. प्रगती आहे.

सौ. ला फोनवर बहिणीशी बोलताना ऐकले: "घाटात असं घुमतंय ना ते इंजिन, तुला काय सांगू!" मग बराच वेळ ट्रॅक्टरच्या आठवणी. लग्नाला एकोणतीस वर्षे झाली. यातली एकही आठवण मला ठाऊक नव्हती.

२३ नोव्हें., रविवार

पंपावरून लिहितो, उभ्यानेच. घाट मारून थेट आलो. चाकावर सौ.

तोच तपासणीवाला. मला पाहून म्हणाला, "काय काका, या वेळेस निम्मा?"

सौ. ने खिडकीतून मान बाहेर काढली. "पूर्ण. मीच दाबते. तू तुझी नळी सांभाळ."

पहिल्यांदा दाबले: आकडा मर्यादेच्या आत, पण थोडक्यात. दुसऱ्यांदा: आत, आणखी खाली. तपासणीवाला एक पाऊल मागे सरकला. "काकू, बास की, फुटंल गाडी!"

"फुटायची असती तर यांच्या सूचना ऐकूनच फुटली असती."

तिसऱ्यांदा दाबले. आकडा पडद्यावर आला आणि वीज गेली. यंत्र बंद. त्याला तो नीट दिसला नाही, मला तर नाहीच. तिन्ही पुन्हा घ्यावी लागतील, म्हणतो. जनरेटर सुरू करावयास गेला आहे.

माझा नियम कायम आहे. तो मी मोडणार नाही. तरी गेल्या दोन आठवड्यांत मोडीचा शब्द घरात कोणी काढलेला नाही, ही वस्तुस्थिती येथे नमूद करतो.

जनरेटर लागला. यंत्र पुन्हा चालू, तपासणीवाला पहिल्यापासून मोजावयास नळी लावतो आहे. सौ. ने मधल्या वेळात इंजिन बंद केलेले नाही, आणि मी बंद करावयास सांगितलेले नाही.

मधुकर रामराव औताडे
छत्रपती संभाजीनगर
२३ नोव्हेंबर २०२५