त्वाम्बोच्या बियाण्याची तंबाखू

३ एप्रिल
घरामागची तंबाखूची बाग मला मिळाली. गावप्रमुखांनी आज सकाळी चौघांदेखत तसं सांगितलं. नवऱ्याच्या पहिल्या बायकोच्या, त्वाम्बोच्या, बहिणी बाग मागत होत्या. पण यंदाचं पीक मी नीट काढून दाखवलं, तर सप्टेंबरात पुन्हा सही करायची आणि बाग कायमची माझी. आजची नोंद तात्पुरती. मी सातवी शिकलेली, झोकात सही केली. वरच्या ओळीत त्वाम्बोचा अंगठा होता, ठशातून एक तिरकी रेघ गेलेली. विळ्याचा जुना वण, म्हणाले. मला हसू आलं.

लग्न होऊन इथे आले त्याला पाच दिवस झाले. घर ऐसपैस आहे. सरोवरावरून वारा येतो, सुकी मासळी भरपूर. नवरा, हामूंगा, कमी बोलतो, पण पहिल्याच दिवशी त्याने मला ही वही आणून दिली. त्वाम्बो जाऊन वर्ष झालं. जिवंत सवतीपेक्षा मेलेली बरी, असं आई म्हणाली होती.

९ एप्रिल
स्वयंपाकघरात खुंटीवर त्वाम्बोची गुडगुडी आहे. लांब मानेचा भोपळा, हात लागून लागून काळा झालेला. मूनो वन्सं म्हणाल्या, बाई गेली की तिची गुडगुडी थडग्यावर फोडतात, पण त्यांच्या दादाचा हात उठला नाही.
“वहिनी, तू मात्र तिला तोंड लावू नकोस हं.”
“मी कशाला कुणाचं उष्टं ओढू?”
वन्सं हसल्या. म्हणाल्या, नवरा तर उष्टाच घेतलास की. मीही हसले. पण शब्द लागला.

१६ एप्रिल
छपराच्या वळचणीत लहानशा भोपळ्यात तिचं बियाणं सापडलं. धुळीसारखं बारीक. माझ्या आईने दिलेलं बी गावात सगळ्यांना दाखवून झालंय, पण ते कुबट निघालं. मग तिचंच राखेत कालवून वाफ्यात टाकलं. सांगितलं, माझ्या माहेरचं आहे. कुणाला कळणार?

२८ मे
रोपं बागेत लावली. हामूंगा कुंपणापाशी उभा राहून बघत होता. मला नव्हे, पानांना. त्वाम्बो असताना ओढ्यावर येणाऱ्या बायका झुरक्यासाठी इथे थांबायच्या म्हणे. यंदाही थांबतील, आणि माझं नाव घेतील.

१९ जुलै
शेंडे खुडले, फुटवे काढले. पानं सुपाएवढी झालीत. ओढ्यावरची एक म्हातारी थांबली आणि म्हणाली, अगदी त्वाम्बोच्या हातची पानं. मी म्हटलं, आजी, हात माझे आहेत. ती माझ्या हातांकडे बघत राहिली.

११ ऑगस्ट
सावलीत टांगलेली पानं परवा उतरवून ढीग लावला, वर गोणपाट. घाम सुटल्याशिवाय तंबाखूला गोडी येत नाही. दोन दिवसांत ढीग कोमट झाला. हात घातला तर आजाऱ्याच्या अंगाखाली हात घातल्यासारखं वाटलं.

१४ ऑगस्ट
सकाळी गेले तर ढीग उलटून ठेवलेला. सगळे देठ डावीकडे. वन्संना विचारलं. म्हणाल्या, “मी कशाला हात लावू? डावीकडे देठ त्वाम्बो करायची. डावरी होती ना.”
तिच्या बहिणींचं काम असणार. जळतात मेल्या.

२५ ऑगस्ट
उखळात कुटून गोळे वळले. वन्संनी रीत सांगितली: पहिला गोळा आधीच्या मालकिणीचा, तिच्या नावाने बागेत पुरायचा, म्हणजे ती निघून जाते. चार महिने पाणी मी वाहिलं, पाठ माझी मोडली. तिला वाटा कशाचा? वन्संना सांगितलं, पुरला.

पहिला गोळा मीच ओढला. तिच्या गुडगुडीतून. तोंड न लावायला मी काय तिची मोलकरीण? धूर गोड होता. फार गोड. माझ्या आधी कुणीतरी झुरका घेतल्यासारखं भोपळ्यातलं पाणी वाजत होतं.

२९ ऑगस्ट
बायका आल्या. झुरका घेऊन डोळे मिटले. एक रडली. म्हणाली, त्वाम्बो परत आली गं. एकीनेही माझं नाव घेतलं नाही.

हामूंगा मात्र आज माझ्या शेजारी बसला. लग्नानंतर पहिल्यांदा. मला म्हणाला, “त्वाम्बो, जरा गोळा दे.”
मी ओ दिली. का दिली?

२ सप्टेंबर
पानाची शीर काढताना विळा अंगठ्याला लागला. डाव्या. विळा डाव्या हातात नसतो माझ्या — उजव्यात असतो. शीर ओढताना विळा धरलेल्याच हाताचा अंगठा कापतो. मग डावा कसा — जखम दुपारपर्यंत भरली. वण जुना दिसतो. तिरका.

४ सप्टेंबर
वन्संना खरं सांगितलं. बी, गोळा, गुडगुडी, सगळं. त्या उंबऱ्यापलीकडे सरकल्या. म्हणाल्या, आता गोळा पुरून उपयोग नाही, तो तर तुझ्या पोटात गेला. गुडगुडी थडग्यावर फोड, आजच.

गेले. उचलली. हात खाली येईना. हामूंगाचाही हात उठला नव्हता. आता कळलं, का.

७ सप्टेंबर
वहीवर तपकिरी ठसे. अंगठ्याचे. पुसले तरी — रेघ आहे त्यात.

हामूंगा खूश आहे. गुणगुणतो. मला जे हवं होतं ते मिळालं. तिला मिळालं.

९ सप्टेंबर
वहीची मागची पानं वाचता येईनात. अक्षरं मुंग्यांसारखी. उजवा हात जड. डाव्याने लिहीत नाही मी — डाव्याने ती —

तिला लिहिता येत नव्हतं.

११ सप्टेंबर
माझं नाव चोल्वे. चोल्वे. चोल्वे. चोल

च कसा काढतात

१२ सप्टें
उद्या गावप्रमुख येणार. बाग कायमची. नोंदवही पुढे करतील. विचारतील, सही का अंगठा. हामूंगा शेजारी असेल. हसेल. शाई डाव्या हाताला ठेवतील —

मी सांगीन मी सातवी — मी