दुसऱ्या विएनोचे नाव खोडू नये म्हणून

प्रति,
मा. मुख्य पाद्री,
चर्च कार्यालय, हौकिलाम्पी, फिनलंड.

दिनांक: ११ जून २०२४

विषय: येत्या रविवारच्या बारशात अर्जदाराच्या दुसऱ्या पणतीचे 'विएनो' हेच नाव कायम ठेवण्याबाबत.
संदर्भ: काल फोनवर झालेले बोलणे (जे आपण कॉफीचे निमित्त सांगून आवरते घेतलेत).

महोदय,

१. अर्जदार श्रीमती विएनो कर्प्पिनेन, वय ८१, एकतीस वर्षे ओंडक्यांचा ट्रक चालवून सध्या निवृत्त. विएनो म्हणजे सौम्य, मृदू. हा गुण अर्जदारात उतरला नाही हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. तो मुद्दा इथे उकरू नये.

२. मध्यंतरी चाळीस वर्षे हे नाव गाईला ठेवायलाही कोणी धजत नव्हते. आता त्याची लाट आली आहे. पाळणाघराच्या दारात कोणी हाक मारली की पाच जणी रांगत येतात आणि रस्त्याने जाणारी अर्जदारही वळून बघते.

३. दि. २ जून रोजी थोरली नात ऊना हिच्या मुलीचे बारसे आपणच केलेत. बारशापर्यंत नाव कोणाला कळू द्यायचे नाही, ही आपली रीत. आपण तोंडाने 'विएनो' उच्चारताच धाकटी नात ईरिस एका हातात स्वतःची तान्हुली आणि दुसऱ्या हातात वेलदोड्याचा पाव घेऊन तडक चालती झाली. "माझं नाव चोरलंस तू!" असे ती अंगणातून ओरडली. "तुझं कधीपासून गं? आजीचं आहे ते!" असे ऊनाने खिडकीतून सुनावले. तेव्हापासून दोघी चुलत बहिणींत अबोला आहे. तळ्याकाठचा सामाईक सॉना त्या आळीपाळीने तापवतात, आणि दोघींनाही अर्जदार आपल्याच बाजूला बसलेली हवी असते. परिणामी नऊ दिवस रोज त्या वाफेत घाम गाळून अर्जदाराचा पार उकडलेला बटाटा झाला आहे.

४. आता खरी गोम. मार्च महिन्यात दोघी वेगवेगळ्या येऊन म्हणाल्या होत्या, "आजी, तुझं नाव ठेवू का? कोणाला बोलू नकोस हं!" अर्जदाराने दोघींनाही हो म्हटले आणि रीतीप्रमाणे तोंड शिवून घेतले. खोटे कशाला लिहा, दोन्ही वेळा अर्जदारास आनंदाने रडू आले होते. चूक सर्वस्वी अर्जदाराची आहे.

५. ईरिसचा नवरा कॅलम स्कॉटलंडचा. त्याला हे नाव म्हणता येत नसे. सगळा जोर शेवटी देई. वास्तविक भार पहिल्या अक्षरावर टाकून शेवट अलगद सोडायचा. अर्जदाराने त्यास लाकडाच्या खोपटात अडीच महिने गुपचूप शिकवले: चुकला की एक ओंडका फोडायचा. दोन हिवाळे पुरेल इतके सरपण झाले आणि १ जूनला बिचाऱ्याला नाव अचूक जमले. दुसऱ्याच दिवशी हा तमाशा! ईरिसने आपल्याकडच्या फॉर्मवर 'विएनो' खोडून 'लौरा' लिहिले. कॅलम आता लेकीला काहीच हाक मारत नाही, नुसता तिच्याकडे बघत बसतो. अर्जदारास ते बघवत नाही.

६. आपण म्हणालात, "नाव ठरवायचा हक्क आईबापांचा. पणजीच्या सहीला काय अर्थ?" मान्य. परंतु गावात विएनो फारच झाल्या अशी अडचण असल्यास अर्जदारास यादीतून वगळावे. 'लौरा' हे नाव अर्जदार स्वतः लावून घेईल.

७. अर्जास दोन साक्षीदार लागतात व सहीपूर्वी त्यांनी तो मोठ्याने वाचावा लागतो, असे सांगून अर्जदाराने दोघी नातींना आज कॉफीला एकाच टेबलाशी बसवले आहे. यातले काहीही लागत नाही हे अर्जदारास पूर्ण ठाऊक आहे. त्यांना ते या ओळीवर आल्यावर कळेल.

तरी रविवारच्या आत निकाल द्यावा.

आपली, निदान नावापुरती सौम्य,
विएनो कर्प्पिनेन

सोबत: वेलदोड्याचा पाव, १ नग (ताजा).

साक्षीदार:

१. ऊना. वाचले. आजी, कमाल आहे तुझी!

२. ईरिस. बाळाची आई या नात्याने लिहिते: 'लौरा' खोडावे, विएनोच ठेवावे. फॉर्मवर धर्ममातेची जागा मी रिकामी सोडली होती, तिथे ऊनाचे नाव घालावे. आणि रविवारी नाव आधी कॅलमला म्हणू द्यावे.