ससाण्याची डावी बाजू

नगरचा तळ, ता. २ नोव्हेंबर १९४८

ती. आजीस गहिनीनाथचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

लाडू पोचले. निम्मे आमच्या सत्तार मिस्त्रीनंच संपवले. माझा 'ससाणा' मात्र रुसलाय. लष्कराचं हे लढाऊ यान अवकाशात लढतं, टेहळणी करतं, चंद्रावरच्या चौकीला रसद नेतं, जखमींना खाली आणतं. महिन्यापूर्वी आम्ही त्याची दोन्ही इंजिनं उतरवून साफ केली. तेव्हापासून वर गेला की डावीकडे ओढतो. कारण सापडत नाही. सोमवारी शेवटची चाचणी. त्यातही वाकडा गेला तर ससाणा मोडीत आणि मी घोंगड्यांच्या कोठीत. काळजी नसावी. लोभ असू द्यावा.

तुझा गहिनीनाथ

कोल्हार, ता. ४ नोव्हेंबर

चि. गहिनीनाथास आजीचे पोटभर आशीर्वाद, वि. वि.

शेजारच्या साळूबाईला पत्र वाचून दाखवलं. ती विचारते, चंद्रावर चौकी हाय तर तिथं चहा कोण करतं? तेवढं कळव. थंडी पडलीय, कानाला फडकं बांध.

आता तुझ्या ससाण्याचं. नांगराला त्योच, मोटेला त्योच, शर्यतीला त्योच, असा आपला मोऱ्या बैल हुता. त्यो कायम डाव्या अंगाला, अन् त्याचा जोडीदार चांद्या उजव्या. दोघं एका रंगाचे. तुझ्या बन्सीकाकानं लग्नाच्या वर्षी घाईत उलटे जुंपले, अन् गाडी थेट प्रवरेच्या पात्रात! नव्या लुगड्यातली तुझी काकू आठ दिस बोलली न्हाई. बाजू बदलली तवा बैल गुमान चालले. तुझी इंजिनं पन जोडीचीच ना? कुठलं कुठं जुंपलं, मिस्त्रीला विचार. हसू नको. मला यंत्रातलं कळत न्हाई, पन बैलं लई हाकलीत.

तुझी आजी, रंगुबाई

नगरचा तळ, ता. ९ नोव्हेंबर

ती. आजीस साष्टांग नमस्कार, वि. वि.

सत्तार पत्र वाचून पोट धरून हसला. मग त्यानं इंजिनांवरचे बाजू दाखवणारे पुसट आकडे घासून बघितले. उलटीच जुंपली होती! दिसायला सारखी, पण इतक्या वर्षांत जे ते आपापल्या बाजूनं झिजलेलं. बदलून बसवली. काल ससाणा सुतासारखा सरळ गेला. साहेबांनी विचारलं, ही अक्कल कुठल्या कारखान्यातली? मी सांगितलं, कोल्हारच्या गोठ्यातली. शुक्रवारी दुपारी रसद घेऊन चंद्राकडे निघतोय, तुमच्या गावावरूनच. आणि चहा आम्हीच करतो, पण पाणचट होतो.

तुझा गहिनीनाथ

कोल्हार, ता. १३ नोव्हेंबर

चि. गहिनीनाथास औक्षवंत व्हावं हा आशीर्वाद, वि. वि.

काल सारं गाव खळ्यावर जमलं हुतं. साळूबाईनं डोक्यावर पाटी धरली, म्हणे वरून काय सांडलं तर? तू आलास, अन् आपल्या खळ्यावर ससाणा डावीकडं हलला, मग उजवीकडं. लोक वरडले, बिघडला, बिघडला! पन लगेच सरळ झालास, अन् ठिपका होऊन गेलास. मी सगळ्यांना ठणकावून सांगितलं, बिघडला न्हाई, नातू नमस्कार करतोय.

तसंच हुतं ना रे? नसंल तर कळवू नको.

इथला लोभ तिथवर पुरावा.

तुझी आजी, रंगुबाई