सातवा न

९ डिसेंबर

छपाईचं यंत्र विकलं. महिनाअखेरीस माणसं येऊन नेतील. बाबा म्हणाले, "बरं झालं. खोली मोठी दिसेल." मग दिवसभर त्याला तेल घालत बसले. विकलेल्या यंत्राला!

११ डिसेंबर

शेवटचं काम आलं. इस्पितळात मुलांच्या वॉर्डवरची नर्स घेऊन आली. भिंतीवर लावायला पोस्टर हवं. वॉर्डात सात मुलं, सात घरच्या भाषा. प्रत्येकाच्या भाषेतला ख्रिसमसचा शब्द, पण आपल्या लिपीत. शाळेत सगळ्यांना तीच वाचायला शिकवलीय. नाताळ. नोएल. नताले. नाविदाद. नादाल. नादोलिग. नॉलिग.

बाबांनी कागद लांब धरून वाचला. "सगळ्यांनी ठरवून न धरलाय की काय?"

"मी काही नाही केलं हो," नर्स म्हणाली. "मुलंच अशी भरती झाली."

मी म्हटलं, "आपला नाताळसुद्धा पोर्तुगिजांकडून आलाय, बाबा."

"म्हणजे सातही पाहुणे. घरचा एकही नाही." खूश होते.

आजोबांच्या वेळच्या लाकडी अक्षरांत करायचं ठरलं. तीन बोटं उंच, सुरेख.

१२ डिसेंबर

जुळवायला बसलो. द पुरले. ल पुरले. काने तर ढिगानं. न — सहा.

सातवा कुठे, ते या घरात पाठ आहे. "ताईनं नेला." नऊ वर्षांपूर्वी ताई दोन गल्ल्यांपलीकडच्या कम्प्युटर-छपाईच्या दुकानात लागली. त्या दिवसापासून तो अक्षरांच्या खणात नाही. तिच्या नावाचं पहिलं अक्षर. त्या दिवसापासून बाबा तिच्याशी बोलले नाहीत. मी बोलते — बाजारात, भाजी निवडताना. ती बाबांचं एकच विचारते: "चष्मा बदलला का?" मी म्हणते, तोच आहे.

१३ डिसेंबर

दोन फेऱ्यांत छापता येतं. आधी सहा ओळी. मग त्यातलाच एक न काढून सातवी. हे बाबांनीच मला कामाच्या पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. आज मी त्यांना सुचवलं.

"ओळ हलते."

"तुमची कधी हलली?"

"आता हात कापतो."

चहाच्या कपाशी कापत नाही. पत्त्यांच्या वेळी तर मुळीच नाही.

"मग नॉलिग गाळू या."

"आणि त्या पोराला काय सांगायचं? न संपला, तुझा ख्रिसमस पुढच्या वर्षी?"

१५ डिसेंबर

बाबा सकाळपासून तीनदा म्हणाले, "कुणाकडे तरी असेल तो न." कुणाकडे? — "मला काय ठाऊक!" चौथ्यांदा म्हणाले, "तू बाजारात जाणार होतीस ना?"

नव्हते जाणार. घरात तीन दिवसांची भाजी होती. गेले.

ताईनं हातातली वांगी खाली ठेवली. "बाबांनी मागितला?"

"मागितला नाही. पण तीनदा नाही मागितला."

हसली. म्हणाली, "दुकानात माझ्याकडे हवे तेवढे न आहेत. कळ दाबून धरली की पान भरतं."

"ते चालायचे नाहीत."

"माहितेय गं." वांगी पुन्हा उचलत, "उंची किती त्याची?"

"तुझ्याकडेच आहे ना?"

"हो, हो. पेटीत आहे तळाशी. बघते."

१८ डिसेंबर

ताईचा पत्ता नाही. बाबा हल्ली दार सताड उघडं ठेवून बसतात. थंडी नुसती आत येते. "शाईचा वास जायला नको का?" पन्नास वर्षं त्या वासाचं कुणाला काही वाटलं नाही!

२० डिसेंबर

ताई आली.

दारात उभी राहिली. बाबा मान खाली घालूनच म्हणाले, "पायपुसणं आहे तिथंच आहे." नऊ वर्षांनी पहिलं वाक्य!

तिनं रुमालातून न काढला. बाबांनी हातात घेतला. उलटा केला. सुलटा केला. नाकाशी नेला. फार वेळ लावला. मला वाटलं, संपलं सगळं — बाकीचे सहा काळेकुट्ट, हा पिवळाधमक.

"हाच," बाबा म्हणाले.

"चुकून गेला होता माझ्याबरोबर," ताई म्हणाली.

"होतं असं."

"धुऊन आणलाय."

"दिसतंय."

धुऊन लाकूड नवं होत नाही. मी गप्प राहिले. या घरात ती कला फक्त माझ्याकडे आहे.

"नॉलिगला लाव," बाबा म्हणाले. ताईनं बाह्या सारल्या. खण कुठले, तिला विचारावं लागलं नाही. पहिला कागद निघाला. सातव्या ओळीतला न जरा जाड उमटला होता.

बाबा म्हणाले, "दोन गल्ल्यांपलीकडे खाणंपिणं बरं दिसतंय." मग लगेच, "तू जेवून जा."

२२ डिसेंबर

नर्स पोस्टरं घेऊन गेली. म्हणाली, शेवटचा न वेगळाच छान आहे. बाबा म्हणाले, "तो बाहेर शिकून आलाय."

२३ डिसेंबर

बाबांच्या चष्म्याची दांडी निखळली. स्क्रू सापडतोय का म्हणून त्यांच्या खुंटीवरच्या कोटाच्या खिशातली चष्म्याची जुनी डबी उघडली. तिच्यात त्यांनी चष्मा ठेवलेला मी कधी पाहिला नाही.

आत न होता. शाईनं काळा, कडा बोटांनी झिजलेल्या.

डबी बंद करून खिशात होती तशी ठेवली. बाबा घरात नव्हते. ताईला जेवायला बोलवायला दुकानात गेले होते — स्वतः.

संध्याकाळी अक्षरं खणात परत लावली. न सात.